शंका-समाधान : फॉरट्रानमध्ये फाइल वाचताना आणि लिहिताना

मराठवाड्यातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हवामान, जलविज्ञान व भौतिकशास्त्र या विषयांचे काम करणारे अनेक जण आजही फॉरट्रान ही संगणकभाषा वापरतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गणिताविषयी नसून फाइल वाचण्या-लिहिण्याविषयी होती, म्हणून या अंकात त्याच विषयाची सहा पत्रे घेतली आहेत. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली असली, तरी प्रोग्रॅममध्ये ती आणि सर्व आकडे रोमन लिपीतच टंकावे लागतात, याची नोंद घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडे पावसाच्या दोन मजकूर फायली आहेत. पहिलीच्या प्रत्येक ओळीत १२/०६/२०२३ अशी तारीख, तालुक्याचे नाव आणि पाऊस आहे. रीड आज्ञेत फॉरमॅटच्या जागी ताऱ्याची खूण देऊन ती वाचली, तर पाऊस सगळीकडे शून्य येतो आणि चूक मात्र दाखवली जात नाही. दुसरीत तालुक्याचा क्रमांक आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पाऊस आहे; ती वाचल्यावर काही तालुके यादीतून नाहीसे होतात. — कृषी हवामानशास्त्राची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : दोन्ही फायलींत प्रोग्रॅम भाषेच्या नियमाप्रमाणेच वागला आहे, आणि म्हणूनच त्याने तक्रार केली नाही. ताऱ्याच्या खुणेने वाचताना तिरपी रेघ ही मजकुराचा भाग समजली जात नाही. ती दिसताच वाचन तेथेच संपवायचे आणि उरलेल्या चलांना (व्हेरिएबलांना) हात लावायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे तारखेच्या चलात फक्त १२ जाऊन बसते, तालुका आणि पाऊस या चलांत आधी जे होते तेच राहते, आणि आपण सुरुवातीला शून्य भरून ठेवले असल्यामुळे शून्य दिसते. तारीख २०२३-०६-१२ अशी आडव्या रेघेने लिहिली किंवा संपूर्ण तारीख अवतरणचिन्हांत ठेवली, तर ही अडचण राहत नाही. याच कारणाने ‘छत्रपती संभाजीनगर’सारखे दोन शब्दांचे नावही अवतरणचिन्हांतच हवे, कारण मोकळी जागा आली की एक मूल्य संपले असे धरले जाते आणि ‘संभाजीनगर’ हा शब्द पावसाच्या चलात घालण्याचा प्रयत्न होतो. तेथे निदान चूक तरी दाखवली जाते.

दुसऱ्या फाइलमधला घोटाळा अधिक गंभीर आहे. फॉरट्रान फाइलकडे रेकॉर्डांची रांग म्हणून पाहते, आणि मजकूर फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक रेकॉर्ड. प्रत्येक रीड नव्या रेकॉर्डापासून सुरू होते. वाचून झाल्यावर ओळीत काही उरले असेल, तर ते सोडून दिले जाते. परंतु ओळीत मूल्ये कमी पडली, तर ताऱ्याच्या खुणेने केलेले वाचन थांबत नाही, ते पुढच्या ओळीत शिरते. समजा सहाव्या तालुक्याचा सप्टेंबरचा आकडा भरलेलाच नाही. मग प्रोग्रॅम पुढच्या ओळीतला पहिला आकडा, म्हणजे सातव्या तालुक्याचा क्रमांक, सप्टेंबरचा पाऊस म्हणून उचलतो. सहाव्या तालुक्यात सप्टेंबरमध्ये ७ मिमी पाऊस झाल्याचे दिसते, सातव्या तालुक्याची उरलेली ओळ टाकून दिली जाते आणि पुढची रीड आठव्यापासून सुरू होते. मराठवाड्यात सप्टेंबर कोरडा गेल्याचे कोणालाही खरे वाटते, त्यामुळे हा आकडा पाहून कोणाला संशयही येत नाही.

स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या फायलींत आणखी एक खोच असते. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले, तर त्यांच्यामधले मूल्य रिकामे समजले जाते आणि चलात आधीचेच मूल्य राहते. म्हणजे सेलूचा आकडा नसेल, तर त्याच चलात नुकताच वाचलेला जिंतूरचा पाऊस सेलूच्या नावावर चढतो.

या सगळ्यावर खात्रीचा उपाय असा की, फाइलमधून थेट आकडे वाचूच नयेत. पुरेशा लांबीचे एक अक्षर-चल घ्यावे, ‘ए’ फॉरमॅटने पूर्ण ओळ त्यात वाचावी, पावसाच्या चलांत दर वेळी ‘माहिती नाही’ या अर्थी -९९९ भरावे आणि मग त्या अक्षर-चलातूनच दुसऱ्या रीडने आकडे काढावेत. अक्षर-चल हीच फाइल समजून वाचण्याची ही सोय भाषेत फॉरट्रान ७७ या आवृत्तीपासून आहे. या वाचनाला पुढच्या ओळीत शिरण्याची वाटच नसते. आकडे कमी पडले, तर ‘फाइल संपली’ असा संकेत मिळतो आणि नेमकी कोणती ओळ अपुरी आहे ते आपल्याला छापता येते.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये फाइलची शेवटची ओळ दोनदा मोजली जाते. काहींच्या बाबतीत उलट घडते, हजार ओळींच्या फाइलमधल्या तीनशेच वाचल्या जातात आणि प्रोग्रॅम शांतपणे उत्तर देतो. आयओस्टॅट तर सर्वांनी वापरलेला आहे. — भौतिकशास्त्राचे अध्यापक, लातूर

उत्तर : आयओस्टॅट, म्हणजे वाचन कसे झाले ते सांगणारा आकडा, वापरला आहे, पण तो नीट वाचला गेलेला नाही. वाचन यशस्वी झाले तर त्याचे मूल्य शून्य असते, फाइल किंवा रेकॉर्ड संपला तर ते ऋण असते आणि चूक झाली तर धन असते. शेवटची ओळ दोनदा मोजली जाते, कारण रीडनंतर लगेच तपासणी न करता आधी बेरीज केली जाते आणि तपासणी लूपच्या पुढच्या फेरीवर सोडली जाते. फसलेल्या रीडनंतर चलांतल्या मूल्यांवर विसंबता येत नाही. व्यवहारात बहुधा मागच्याच ओळीची मूल्ये तेथे पडलेली असतात आणि तीच पुन्हा मिळवली जातात. त्यामुळे रीडच्या अगदी पुढची ओळ तपासणीचीच हवी.

तीनशे ओळींवर थांबणारा प्रोग्रॅम मला अधिक धोकादायक वाटतो. ‘आयओस्टॅट शून्य नसेल तर लूपमधून बाहेर पड’ अशी ओळ पुष्कळ विद्यार्थी पाठ केल्यासारखी लिहितात. तीनशे एकाव्या ओळीत आकड्याच्या जागी ‘निरंक’ असे लिहिलेले असले, तर आयओस्टॅट धन होतो, प्रोग्रॅम ती चूकही फाइलचा शेवट समजतो आणि उरलेल्या सातशे ओळी कोणाच्याही लक्षात न येता गळतात. ऋण मूल्य आले तर बाहेर पडावे. धन मूल्य आले तर ओळीचा क्रमांक आणि आयओएमएसजीने मिळणारा संदेश छापून प्रोग्रॅम थांबवावा. विद्यार्थ्यांना -१ या आकड्याशी तुलना करायला मात्र शिकवू नये, कारण शेवटासाठी कोणता ऋण आकडा द्यायचा हे भाषेच्या मानकाने (अधिकृत नियमावलीने) कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडले आहे. त्यासाठी फॉरट्रान २००३ मध्ये आलेले आयएस_आयओस्टॅट_एंड हे फंक्शन वापरावे. आयओएमएसजीसुद्धा त्याच आवृत्तीतले आहे.

ओळींची संख्या आधी ठाऊक नसेल, तर फाइल एकदा नुसती मोजत वाचावी, रिवाइंडने सुरुवातीला यावे, तेवढ्या आकाराचा ॲरे (मूल्यांची रांग) ॲलोकेट करावा आणि मग दुसऱ्यांदा वाचावी. दोनदा वाचण्यात वेळ जातो अशी तक्रार विद्यार्थी करतात. काही हजार ओळींसाठी ती मनावर घेण्याजोगी नाही.

प्रश्न : नाथसागराची (जायकवाडी धरणाच्या जलाशयाची) पाणीपातळी आणि साठा यांची रोजची नोंद ठेवण्याचा मला छंद आहे. प्रोग्रॅम दररोज एक ओळ लिहितो, पण आदल्या दिवसापर्यंतच्या सर्व ओळी नाहीशा होतात. साठ्याच्या रकान्यात काही दिवशी नुसते तारे छापले जातात. शिवाय एखादी मधली नोंद चुकली, तर तेवढीच दुरुस्त कशी करावी? — निवृत्त अभियंता, पैठण

उत्तर : फाइल उघडताना आपण पोझिशन, म्हणजे लेखन कोठून सुरू करायचे ती जागा, दिलेली नसावी. ती न दिल्यास फाइल कोणत्या जागी उघडावी हे मानक सांगत नाही, परंतु नेहमीच्या वापरातले कंपायलर ती सुरुवातीपाशी उघडतात. क्रमाने लिहिल्या जाणाऱ्या फाइलचा नियम असा आहे की, जो रेकॉर्ड लिहिला जातो तोच फाइलमधला शेवटचा रेकॉर्ड ठरतो आणि त्याच्या पुढचे सर्व काही जाते. आपली आजची ओळ पहिली म्हणून लिहिली गेली, आणि पहिली हीच शेवटची ठरली. ओपन आज्ञेत स्टेटस ‘ओल्ड’, ॲक्शन ‘राइट’ आणि पोझिशन ‘अपेंड’ असे स्पष्ट लिहावे. जुन्या प्रोग्रॅममध्ये ॲक्सेसपुढे ‘अपेंड’ लिहिलेले आढळते. ती काही कंपायलरांनी दिलेली जादा सोय आहे, मानकात नाही. स्टेटस ‘रिप्लेस’ मात्र अशा नोंदवहीसाठी कधीही देऊ नये, कारण त्यात जुनी फाइल पुसून नवी करण्याचीच आज्ञा असते.

तारे उमटतात ते जागा अपुरी पडल्यामुळे. आपण साठा एफ६.२ या फॉरमॅटने, म्हणजे एकूण सहा जागा आणि त्यांत दशांशाचे दोन अंक अशा रीतीने, छापत असणार. जायकवाडीचा उपयुक्त साठा पूर्ण भरल्यावर सुमारे २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) असतो, आणि २१७१.०० लिहायला दशांशचिन्ह धरून सात जागा लागतात. साठा हजाराच्या आत असतो तोपर्यंत सहा जागा पुरतात. तो हजारावर गेला की तारे दिसू लागतात. एफ९.२ घ्यावे, म्हणजे रकानेही सरळ राहतील. रकान्यांची फिकीर नसेल, तर एफ०.२ लागेल तेवढीच जागा घेते.

हाच फॉरमॅट वाचताना वेगळा वागतो, हे आपल्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावे. एफ७.२ ने वाचताना त्या सात जागांत दशांशचिन्ह नसेल, तर शेवटचे दोन अंक दशांश समजले जातात. पूर्ण जलाशयाची पातळी कोणी नुसती १५२२ फूट अशी लिहिली असेल, तर प्रोग्रॅम ती १५.२२ अशी वाचेल. छिद्रपत्रांवर (पंच कार्डांवर) दशांशचिन्हाची जागा वाचवण्याच्या काळातली ही सोय आजही मानकात आहे. हाताने भरलेली फाइल वाचताना म्हणून एफ७.० वापरावे, दशांशचिन्ह लिहिलेले असेल तर तेच प्रमाण मानले जाते आणि नसेल तर आकडा पूर्णांक राहतो.

मधली ओळ दुरुस्त करण्यासाठी संपूर्ण फाइल वाचून ती नव्या नावाने लिहावी आणि खात्री झाल्यावर जुनीच्या जागी ठेवावी. प्रत्येक रेकॉर्ड ठरावीक लांबीचा ठेवून डायरेक्ट ॲक्सेस पद्धतीने हवा तो रेकॉर्ड जागच्या जागी बदलताही येतो, पण वर्षाला ३६५ ओळींसाठी तो खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. साधी मजकूर फाइल कोणत्याही संपादकात उघडून पाहता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

प्रश्न : ओपनमध्ये युनिटचा क्रमांक कोणता द्यावा? ६ दिल्यावर पडद्यावर काहीच दिसेनासे झाले. — बी. एस्सी.चा विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : युनिट म्हणजे प्रोग्रॅम ज्या क्रमांकाने उघडलेली फाइल ओळखतो तो क्रमांक. बहुतेक कंपायलरांत ५ हा कीबोर्डसाठी, ६ पडद्यासाठी आणि ० चुकांच्या संदेशांसाठी राखलेला असतो, ६ वर आपली फाइल उघडल्यामुळे पडद्याचे सगळे लेखन त्या फाइलमध्ये गेले. आता हातानेच क्रमांक ठरवण्याचे कारण उरलेले नाही. फॉरट्रान २००८ मधील न्यूयुनिट वापरावे, म्हणजे कोठेही वापरात नसलेला क्रमांक आपोआप मिळतो. तो ऋण असतो, हे पाहून घाबरू नये.

प्रश्न : भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची पाव अंशाच्या जाळीवरची दैनंदिन पावसाची बायनरी फाइल मला वाचायची आहे. ओपनमध्ये अनफॉरमॅटेड लिहून पाहिले तर पहिल्याच रीडला चूक येते. दुसऱ्या एका प्रयत्नात आकडे आले, पण परभणीच्या जागी -९९९ दिसले. — पीएच.डी. संशोधक, नांदेड

उत्तर : बायनरी फाइल स्वतःविषयी काहीच सांगत नाही, त्यामुळे तिच्यातली मांडणी आपल्याला आधी कागदावर मांडावी लागते. या जाळीत पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिण-उत्तर १२९ बिंदू आहेत. पहिला आकडा ६.५ उत्तर अक्षांश व ६६.५ पूर्व रेखांश या बिंदूचा, दुसरा त्याच अक्षांशावरील ६६.७५ रेखांशाचा, आणि असे करत शेवटचा आकडा ३८.५ अक्षांश व १०० रेखांशाचा असतो. एका दिवसाचे १७,४१५ आकडे होतात; प्रत्येकी चार बाइट धरल्यास ६९,६६० बाइट. साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटांची आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटांची भरली पाहिजे. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी फाइलचा आकार या आकड्याशी ताडून पाहावा; तो जुळला नाही, तर डाउनलोड अर्धवट झाला आहे किंवा फाइल दुसऱ्याच जाळीची आहे.

पहिल्या प्रयत्नातली चूक समजण्यासारखी आहे. नुसते अनफॉरमॅटेड लिहिले की फाइल क्रमाने वाचली जाईल असे धरले जाते, आणि तशा फायलींत कंपायलर प्रत्येक रेकॉर्डाच्या आधी व नंतर त्याची लांबी लिहितो; जीफॉरट्रान या कंपायलरमध्ये या खुणा सर्वसाधारणपणे चार-चार बाइटांच्या असतात. हवामान विभागाच्या फाइलमध्ये नुसते आकडे आहेत, खुणा नाहीत. परिणामी पहिल्या बिंदूचा पाऊसच रेकॉर्डाची लांबी म्हणून वाचला जातो आणि पुढे सगळे बिघडते.

यावर दोन मार्ग आहेत. डायरेक्ट ॲक्सेसमध्ये प्रत्येक दिवस हा एक रेकॉर्ड मानून रेक्ल या ठिकाणी त्याची लांबी द्यावी लागते. परंतु ही लांबी कोणत्या एककात मोजायची हे मानकाने कंपायलरवर सोडल्यामुळे जीफॉरट्रानला ६९,६६० द्यावे लागतात, तर इंटेलचा कंपायलर विशेष पर्याय दिला नसेल तर चार बाइटांच्या एककात मोजतो आणि त्याला १७,४१५ लागतात. इन्क्वायर आज्ञेतील आयओलेंग्थला आपला ॲरे दाखवून ती लांबी विचारून घ्यावी, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. दुसरा मार्ग फॉरट्रान २००३ मधील स्ट्रीम ॲक्सेसचा. मी आज नव्याने लिहिणाऱ्याला तोच सुचवेन, कारण त्यात फाइल म्हणजे सलग बाइट एवढेच धरलेले असते. १५ जून हा साध्या वर्षातला १६६ वा दिवस. त्याआधीचे १६५ दिवस ओलांडले की त्याची सुरुवात १,१४,९३,९०१ व्या बाइटला होते आणि हाच आकडा रीडमध्ये पॉस म्हणून द्यायचा असतो.

आता -९९९ विषयी. ज्या बिंदूची माहिती नाही, म्हणजे मुख्यतः समुद्र आणि देशाबाहेरचा भाग, तेथे या फाइलमध्ये -९९९ भरलेले असते. परभणी शहर १९.२५ अक्षांश व ७६.७५ रेखांश या बिंदूच्या जवळ आहे. अक्षांशातून ६.५ वजा करून पाव अंशाने भागले आणि एक मिळवला, तर ५२ येतात. रेखांशाच्या बाबतीत ६६.५ वजा करून तसेच केले, तर ४२ येतात. फॉरट्रानच्या ॲरेत पहिला निर्देशांक सर्वांत वेगाने बदलतो, म्हणून रेखांश पहिला ठेवून ॲरे १३५ बाय १२९ असा जाहीर करावा लागतो आणि परभणी ४२, ५२ या जागी सापडते. सी किंवा पायथनची सवय असलेल्याने तो १२९ बाय १३५ जाहीर केला आणि ५२, ४२ ही जागा पाहिली, तर त्याला प्रत्यक्षात १६.२५ अक्षांश व ८५.२५ रेखांशाचा आकडा मिळतो, आणि तो बिंदू बंगालच्या उपसागरात आहे. तुमच्या -९९९ चे कारण बहुधा हेच असावे. वाचन कोठेही फसत नाही, आकड्यांची संख्याही जुळते, त्यामुळे ही चूक आयओस्टॅट पकडू शकत नाही; ओळखीच्या एका गावाचा एका दिवसाचा पाऊस छापील नोंदीशी ताडून पाहणे हाच तिचा शोध घेण्याचा मार्ग आहे. जिल्ह्याची सरासरी काढताना ऋण आकडे वगळायला विसरू नये, सीमेवरच्या बिंदूंसाठी ही काळजी लागतेच.

प्रश्न : तालुक्यांची नावे मराठीत असलेली फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून साठवली. वाचताना पहिल्याच आकड्याला चूक येते. लिहिताना ‘परभणी’चे ‘परभ’ होऊन पुढे चौकोन दिसतो आणि रकाने वाकडे येतात. — माध्यमिक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एक्सेल अशा फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण ठेवते, आणि प्रोग्रॅम ती पहिल्या आकड्याचाच भाग समजतो. पहिली ओळ अक्षर-चलात वाचून तिचे पहिले तीन बाइट २३९, १८७, १९१ आहेत का ते पाहावे आणि असल्यास चौथ्या बाइटापासून पुढे वाचावे. पहिली ओळ शीर्षकांची असेल तर ती सोडून दिली की काम भागते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मात्राही स्वतंत्र चिन्ह असते. ‘परभणी’ या शब्दात प, र, भ, ण आणि दीर्घ ईची मात्रा मिळून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट आहेत. नेहमीच्या अक्षर-चलाची लांबी कंपायलर बाइटांत मोजतो. दहा लांबीच्या चलात तीन अक्षरे आणि ‘ण’चा एक सुटा बाइट मावला, तोच चौकोन म्हणून दिसतो. ‘छत्रपती संभाजीनगर’साठी लांबी साठच्या आसपास ठेवावी. आकडे मात्र मराठी अंकांत लिहू नयेत, कारण ‘१२५’ ही फॉरट्रानच्या दृष्टीने संख्या नाही आणि तेथे वाचनाची चूकच येईल. रकाने वाकडे येण्याचे कारणही बाइटांचीच मोजणी आहे; त्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे आकडे आधी छापून तालुक्याचे नाव ओळीच्या शेवटच्या रकान्यात टाकावे.